ट्रॅक्टरनं मान का वर केली

"ज्या घरात ट्रॅक्टरची किल्ली कुणाकडे राहणार हे बहुमतानं ठरतं, ते घर संपलं म्हणून समजा!" आबा गरजले.

घर संपायची काही लक्षणं लगेच दिसेनात. तेव्हा त्यांनी टबात बुडवलेला डावा पाय वर उचलला आणि म्हणाले, "पाणी गार झालंय. कुणीतरी गरम ओता."

किटली घेऊन चौकशी आली. येताना आपल्या खोलीच्या दाराशी ठेवलेल्या लोखंडाला तिचा अंगठा रोजच्यासारखा आपटला, आणि तिनं रोजच्यासारखं मनातल्या मनात नवऱ्याचं नाव घेतलं. चौकशी म्हणजे या घरची थोरली सून. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं सासऱ्यांना विचारलं होतं, की ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी आणि पुढची लहान का. आबा म्हणाले होते, "कंपनीनं तशी दिलीत." उत्तर काही पटलं नाही म्हणून तिनं पुन्हा विचारलं. तेव्हापासून घरात तिला चौकशी म्हणायला लागले. नाव तिनं मुकाट्यानं स्वीकारलं. फक्त ते कुणी ठेवलं एवढं विचारलं.

सकाळी ती बेकरीची गाडी घेऊन पाव पोचवायला जाई. आज रविवार, त्यात घरात पंचायत बसलेली. तिनं टबात पाणी ओतलं. टब एका काळ्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवला होता, म्हणजे आबांना वाकावं लागू नये. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली. या घरात उभ्या माणसाला मत नसतं, पण ऐकू सगळं येतं.

मधल्या टेबलावर ट्रॅक्टरची किल्ली होती आणि किल्लीवर वाटी पालथी घातली होती. ही व्यवस्था आईंची, म्हणजे सासूबाईंची. कालपासून किल्ली तीनदा कुणाच्या ना कुणाच्या खिशात सापडली, तेव्हा त्यांनी ती सगळ्यांदेखत वाटीखाली घातली आणि सांगितलं, "ठरेपर्यंत जो वाटी उचलेल, त्यानं जेवायला बाहेर जायचं." तेव्हापासून वाटी सुरक्षित होती.

"आबा, तुमचा अपमान करतंय का कुणी?" थोरला म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरातल्या प्रत्येक भांडणाचा अध्यक्ष आपोआप व्हायचा. "आम्ही निवृत्तीबद्दल बोलतोय. मीसुद्धा होणारच आहे की निवृत्त."

"तू कशातनं होणार? तू काय करतोस हे शाळेला तरी माहीत आहे का?"

"हे बघा, तुम्ही असं बोलता..."

"मी असाच बोलतो. पाय दुखत नव्हता तेव्हाही असाच बोलत होतो."

काल दुपारी जे झालं, ते आता घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं पाठ झालं होतं. खालच्या शेतात एका वाळलेल्या झाडाचं खोड होतं. पेरणीआधी ते निघायलाच हवं होतं, नाहीतर त्याच्या भोवतीचा एवढा मोठा तुकडा पडीक राहायचा. ट्रॅक्टरवर आबा बसले. धाकट्यानं खोडाला साखळी आवळली आणि ट्रॅक्टरला अडकवली. आबांनी ओढायला सुरुवात केली, आणि ट्रॅक्टरनं मान वर केली. पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर गेली. धाकट्याच्या सांगण्याप्रमाणे गुडघ्याएवढी, आईंच्या ऐकण्याप्रमाणे कमरेएवढी. ताईच्या म्हणण्याप्रमाणे ट्रॅक्टर अगदी काटकोनात उभा राहिला होता. ताई तेव्हा परगावी होती, म्हणूनच तिला सगळं इतकं स्पष्ट दिसलं होतं.

ताई म्हणजे मधली, विम्याची एजंट. मागच्या वर्षी छपराच्या पत्र्यांवरून जे वाजलं, त्यानंतर तिनं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. पण अपघात म्हटल्यावर तिला राहवेना.

"मी रोज बघते असल्या केसेस," ती म्हणाली. "उलटला असता ना, तर आबा खाली आणि ट्रॅक्टर वर. जुनं मॉडेल, डोक्यावर साधा लोखंडी बारसुद्धा नाही. एवढ्या वयाला हप्ता किती बसतो माहितीये?"

"मेल्यावर हप्ता भरावा लागत नाही," आबा म्हणाले. "तेवढा तरी फायदा."

"आबा!" तिघंही एकदम ओरडली. तिघांचं एकमत झालेलं घरानं पत्र्यांच्या भांडणानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

तिघं म्हणजे थोरला, ताई आणि धाकटा. धाकटा तसा बोलत काही नव्हता. शेती तोच बघायचा. किल्ली त्यानं मागितली नव्हती. तो फक्त वाटीकडे बघत होता, आणि ज्या नजरेनं बघत होता ती नजर मागण्याहून वाईट होती. एका बाजूला तिघं, दुसऱ्या बाजूला टबात पाय घातलेले आबा. आई मतदानात नव्हत्याच. त्या थेट निकाल देत.

चौकशीनं सासऱ्यांकडे बघितलं. ते आवाज मोठा काढत होते, पण डोळे सारखे टेबलाकडे जात होते. किल्ली गेली तर उद्या सकाळी उठून हा माणूस काय करेल, याचा तिनं विचार करून पाहिला. चहा पिऊन ते शेडमध्ये जायचे, इंजिनातल्या तेलाची पट्टी ओढून बघायचे, पुसायचे, पुन्हा बघायचे. नंतर टायरला हात लावून यायचे. मग दिवस सुरू व्हायचा. ते नसलं तर दिवस सुरू कशानं व्हायचा?

"एक विचारू का?" ती म्हणाली.

थोरल्यानं डोळे मिटले. नवरा म्हणून त्याचा हा ठरलेला प्रतिसाद होता.

"पण तो उठला का?"

"उठला का म्हणजे? वय झालं!" ताई म्हणाली.

"ट्रॅक्टरचं?"

"आबांचं, वहिनी!"

"हो, पण आबांचं वय झालं म्हणून ट्रॅक्टरची चाकं वर कशी जातील? आबा होते तिथंच बसले होते ना?"

आबांनी टबातला पाय थोडा हलवला, पाण्याचा आवाज झाला.

"क्लच झटक्यात सोडला असेल," धाकटा खाली बघत म्हणाला.

"मी? झटक्यात?" आबा खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, मी क्लच सोडतो तेव्हा मांजर अंग चोरून जाते तसा सोडतो! तूच सोडतोस झटक्यात, गेल्या महिन्यात फाटकाचा खांब कुणी..."

"तो खांब आधीच वाकडा होता."

"तुझ्यामुळे सरळ झाला का मग?"

"आबा," चौकशी म्हणाली, "चाकं वर गेली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

गंमत अशी, की कालपासून हा प्रश्न आबांना कुणी विचारलाच नव्हता. कसं वाटतंय, चक्कर येते का, औषध घेतलं होतं का, चष्मा होता का, हे सगळं विचारून झालं होतं. आबा तिच्याकडे बघत राहिले. मग बोलले ते वेगळ्याच आवाजात, शेडमधल्या आवाजात.

"क्लच दाबला. तळाला. ब्रेक नाही, गॅस नाही, काही नाही. क्लच दाबला की मागच्या चाकांकडे जाणारा जोर तुटतो, आणि नाक आपल्या वजनानं खाली येतं. विचार करायला वेळ नसतो, सूनबाई. पायाला माहीत असावं लागतं."

"आणि आलं खाली?"

"आपटलं."

"मग पाय आपटल्यामुळं दुखावला?"

आबांनी छताकडे पाहिलं. छतावर तसं बघण्यासारखं काही नव्हतं.

"खोडाला लाथ मारली," आई म्हणाल्या. "उतरल्यावर. धाकट्यानंच सांगितलं मला. चप्पल अजून तिकडंच पडलीये."

"म्हणजे अपघातातली जखमच नाही ही?" ताईच्या चेहऱ्यावर धंद्यातली खरीखुरी निराशा पसरली. "आबा, अशा लाथेला कुठल्याही पॉलिसीत जागा नाही हो."

"आपण बघून येऊया का?" चौकशीनं विचारलं.

"काय बघायचं?"

"ट्रॅक्टर. कालपासून सगळे त्याच्याबद्दल बोलतायत. त्याला कुणी बघितलंय का?"

शेडकडे मिरवणूक निघाली. पुढे धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आबा, मागे ताई, मग आई, आणि शेवटी थोरला. त्याच्या हातात बशी, बशीत किल्ली आणि किल्लीवर वाटी. अध्यक्ष म्हणून ठेव त्याच्या ताब्यात होती आणि विश्वास तर कुणावरच नव्हता.

शेडमध्ये डिझेलचा आणि जुन्या गोणपाटाचा वास होता. ट्रॅक्टर आपल्या जागी उभा होता, मोठ्या मागच्या चाकांवर बसल्यासारखा, कालच्या प्रकाराबद्दल अजिबात खंत नसलेला. चौकशी जवळ गेली, पण हात लावण्याआधी थांबली.

"हँडब्रेक लावलाय का? गिअर?"

"न्यूट्रल. आणि मागच्या चाकाला दगडही लावलाय," आबा म्हणाले. मग जरा थांबून थोरल्याकडे वळले. "हे तू विचारायला हवं होतंस."

"माझा विषय भूगोल आहे."

"दगड भूगोलातच येतो ना?"

ती मागच्या बाजूला गेली. साखळी कालची तशीच लोंबत होती. आसाच्या वर, जिथं नांगराचा वरचा दांडा जोडतात, त्या जाड कानात अडकवलेली. त्याच्या बरंच खाली, जमिनीच्या जवळ, भोकं पाडलेला एक सपाट दांडा बाहेर आला होता. त्याच्यावर गंज होता.

"भाऊजी, साखळी वर का लावलीत? खाली हा दांडा आहे ना?"

"खालची पिन निघेना, वहिनी. गंजलीये. हातोडी मारली तरी हलेना." धाकट्यानं मान खाजवली. "आणि मला वाटलं, वरून ओढलं की खोडही वरच्या अंगाला उपटेल. खालून ओढलं तर नुसतं घसटेल."

बोलणं अगदी पटण्यासारखं होतं. आईंनी तर मान डोलावलीसुद्धा. चौकशीलाही क्षणभर पटलं, आणि पटलं म्हणूनच ती बेचैन झाली. तिनं इकडं तिकडं बघितलं. ट्रॅक्टर काही हलवता येणार नव्हता. हलवण्यासारखं जवळपास एकच काही उभं होतं.

"अहो, जरा बशी आईंकडे द्या. इकडं या. पाय जोडून उभे राहा."

"कशाला?"

"उभे तर राहा. आता पुढं चालायचं, जोरात. मी मागून धरते." तिनं वाकून त्याची पँट गुडघ्याखाली पकडली. थोरला चालायला लागला, अडखळला, पाय घट्ट रोवले, जागच्या जागी थांबला. "बघा, पडला नाहीत. आता पुन्हा चाला." या वेळी तिनं मागून कॉलर धरली. थोरल्यानं जोरात पाऊल टाकलं, त्याचे दोन्ही पाय पुढे गेले आणि बाकीचा भूगोल मागे आला. धाकट्यानं वेळेवर हात दिला म्हणून बरं.

"आलं लक्षात?" तिचे डोळे चमकत होते. "खालून ओढलं की जोर जमिनीत जातो. वरून ओढलं की पुढचं उचललं जातं. साखळी हलत नाही, खोड हलत नाही, मग चाकांचा सगळा जोर जाणार कुठं? ट्रॅक्टरलाच मागं फिरवतो तो."

कॉलर सरळ करत थोरला म्हणाला, "हे तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तोंडानं सांगितलेलं या घरात कुणाला कळतं?" आई म्हणाल्या.

ताईनं लगेच बाजू बदलली. विम्याच्या धंद्यात दोषी कोण हे कळलं की माणसाला हुरूप येतो. "म्हणजे हे तुझं काम!" ती धाकट्यावर उलटली. "आबांचं वय काढत बसलास, आणि साखळी तू लावलीस? आबा वारले असते म्हणजे?"

"मी वय काढलं? वय तू काढलंस! आणि मी लावली तर आबांनी बघायला नको का? ते बसल्या जागेवरून 'चल' म्हणाले. एकदा मागं वळून बघितलं असतं..."

तो थांबला. आबा सावकाश म्हणाले, "मान वळत नाही माझी. पूर्ण नाही वळत. दोन वर्षं झाली."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईंना असेल, पण त्यांनी चेहऱ्यावर तसं काही येऊ दिलं नाही. शेडमध्ये एकदम अवघडल्यासारखं झालं. एवढा वेळ आरोपीसारखा बसवलेला माणूस आपण होऊन एक पुरावा देऊन मोकळा झाला होता, आणि तो उचलायला कुणाचा हात होईना. थोरला बशीकडे बघत राहिला.

चौकशीचं मन मात्र दुसरीकडेच घुटमळत होतं.

"भाऊजी, याआधी कधी वर साखळी लावली होती?"

"लावली होती की. मागं एकदा रुतलेली गाडी काढली, एकदा नाल्यातला ओंडका. तेव्हा कुठं उठला?"

"मग कालच का उठला?"

तिला उत्तर कुणी देणार नव्हतं, म्हणून ती स्वतःच ट्रॅक्टरला वळसा घालून पुढं आली. जाळीच्या खाली, अगदी नाकाशी, एक जाड लोखंडी पट्टी होती. पट्टीवर काही अडकवायची सोय होती आणि आरपार जाणाऱ्या बोल्टाची भोकं होती. बाकी सगळा रंग उन्हानं विटला होता. इथं मात्र तो नव्यासारखा तांबडाभडक होता. म्हणजे इतकी वर्षं इथं काहीतरी झाकलेलं होतं. आता नव्हतं.

"आबा, इथं काय टांगलेलं असायचं?"

"वजनं," आबा म्हणाले. "ओतीव लोखंडाची. पुढचं टोक जड राहावं म्हणून कंपनी देते. मागं ओढायचं काम असलं की ती पुढं हवीतच, नाहीतर..."

ते बोलता बोलता थांबले.

"नाहीतर मान वर करतो," चौकशीनं वाक्य पुरं केलं. "मग ती गेली कुठं?"

धाकटा वैरणीच्या ढिगाकडे बघायला लागला. ताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. चौकशीच्या डाव्या पायाचा अंगठा ठणकला, आणि एकाएकी तिला कळलं की आपल्याला ही वस्तू कशी दिसते, किती जड असते आणि वर धरायला कशी मूठ असते, हे सगळं चांगलंच माहीत आहे. रोज सकाळी. अंगठ्यानं.

"अहो," ती नवऱ्याकडे वळली, "आपल्या दाराला लावलंय ते कुठून आणलंत?"

थोरल्यानं घसा साफ केला. "वाऱ्यानं दार आपटायचं. माझ्या वह्या तपासायच्या असायच्या. आणि मी घेतलं तेव्हा बाकीची होती की."

"तुझं लाव दाराला," आई म्हणाल्या, "माझं पाण्याच्या टाकीच्या झाकणावर आहे. वारा आला की झाकण उडायचं. मी घेतलं तेव्हा निदान दोन-तीन होती."

"माझं वैरणीवरच्या प्लॅस्टिकवर," धाकटा पुटपुटला. "शेवटचं होतं. पण शेवटचं आहे हे मला कसं कळणार? मला वाटलं, बाकीची कुणीतरी धुवायला काढली असतील."

"लोखंड धुवायला?"

"आपल्या घरात कोण काय करेल, काही सांगता येतं का, वहिनी?"

आता सगळे ताईकडे बघायला लागले. ताईनं पर्स बंद केली. "माझ्या गाडीच्या डिकीत आहे. बाजारात स्टॉल लावते ना मी, त्याच्या छत्रीला खाली वजन लागतं. मागच्या वर्षी भांडण झालं, त्या दिवशी जाताना नेलं. म्हटलं, पत्रे नाही दिलेत, निदान..." ती जरा वरमली. "पण मी नेलं तेव्हा बाकीची होती!"

"अपघातापासून संरक्षणाचा स्टॉल," थोरला गंभीरपणे म्हणाला.

"तू गप रे, दारवाल्या!"

मग दोघं बहीणभाऊ भांडायला लागले, आणि बऱ्याच वर्षांनी ते भांडण कुणाच्या वाटणीचं नव्हतं. त्यामुळं ऐकायला बरं वाटत होतं. चौकशीनं बोटावर मोजलं. दार, टाकी, वैरण, छत्री. पट्टीवर जागा पाचांची होती.

"आबा, पाचवं?"

आबांनी दूर घराकडे बघितलं. पुढच्या खोलीत अजून टब होता, टबात आता गार झालेलं पाणी होतं, आणि टबाखाली काळा ठोकळा.

"ते मी," आबा म्हणाले. "खुर्चीत बसलो की पाय लटकतात, म्हणून पाय ठेवायला काढलं होतं. सगळ्यात आधी." मग मान जितकी वळते तितकी वळवून सगळ्यांकडे बघत म्हणाले, "पण मी काढलं तेव्हा सगळी होती."

पुढचा तास घरात कुणाला कुणाशी बोलायला उसंत मिळाली नाही. एकेक वजन एका माणसाला कमरेतून वाकवायला पुरेसं होतं, म्हणून दोघादोघांनी मिळून आणलं. टाकीचं झाकण दोरीनं बांधलं. ताईनं डिकी उघडून आपलं वजन स्वतः उतरवलं, आणि धाकट्यानं दुसरी बाजू धरली तेव्हा नको म्हणाली नाही. आबा एका पायावर उभे राहून "बोट सांभाळ, बोट!" असं ओरडत राहिले. सगळी पट्टीवर चढली, आरपार बोल्ट गेला, नट आवळला. धाकट्यानं कुणी न सांगता खालच्या गंजक्या पिनेवर तेल सोडलं, बराच वेळ ठोकली, काढली आणि ग्रीस भरून पुन्हा बसवली. ट्रॅक्टरचं नाक पुन्हा जड झालं. त्याला बरं वाटलं असावं, किंवा चौकशीला तसं दिसलं.

"तर निष्कर्ष असा..." थोरल्यानं सुरुवात केली.

आईंनी वाटी उचलली आणि किल्ली आबांच्या हातात ठेवली. "घ्या. तुमची चूक नव्हती."

"एक पंचमांश होती," थोरला म्हणाला. पण निकाल लागून गेला होता.

आबांनी किल्ली मुठीत धरली. तिघांकडे एकेक करून पाहिलं. हा क्षण पुढची पंधरा वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकावा लागणार, हे प्रत्येकाला कळलं. मग ते पायरीवर उजवा पाय ठेवून वर चढले, सीटवर बसले, कंबर सरळ केली. क्लच डावीकडे असतो. त्यांनी डावा पाय त्याच्यावर ठेवला आणि दाबला.

बाकीच्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चौकशीनं पायाकडे बघितलं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "पूर्ण दाबला का?"

सुजलेला पाय पेडलवर थरथरत होता. पेडल अर्ध्यावर येऊन थांबलं होतं. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. खाली उभं राहून कुणाला नीट दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसलं असतं त्यांच्या माना आता शरमेनं खाली होत्या. आबा हो म्हणाले असते तर चौकशीनंही पुन्हा विचारलं नसतं. असं तिला वाटलं तरी. खरं म्हणजे तिनं विचारलं असतं.

"नाही," आबा म्हणाले.

"काल अर्धाच दाबला गेला असता तर?"

"तर आज तुम्ही वाटीभोवती बसला नसता." त्यांनी पाय काढला, गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ बसले. "पाय बरा होईल. मान नाही व्हायची."

ते उतरले, एकटेच, कुणाचा हात न घेता. धाकटा एक पाऊल पुढे आला. ताई म्हणाली, "आबा, आता त्याला द्या. शेती तोच बघतो."

"हा चांगला चालवतो," आबा म्हणाले. "माझ्याहून चांगला चालवतो, पण हे त्याला सांगू नका. याचं एकच आहे. पिन निघाली नाही की हा जिथं जमेल तिथं अडकवतो आणि कुणाला विचारत नाही. मी पण तसाच. याचे आजोबाही तसेच होते, म्हणून त्यांची दोन बोटं कमी होती." त्यांनी किल्ली चौकशीपुढे धरली. "आधी ही शिकेल. मग ही विचारेल आणि मी आणि हा सांगू. सांगता सांगता आम्हालाही कळेल. पाळीपाळीनं चालवा दोघं मग. खोडाला घाई नाही, खोड कुठं जातंय?"

धाकट्याचा चेहरा पडला, मग हळूहळू सावरला. "वहिनी, बेकरीच्या गाडीसारखा उडवू नकोस म्हणजे झालं."

चौकशीनं किल्ली घेतली. इतक्या वर्षांत ती एकदाही या सीटवर बसली नव्हती, आणि बसावंसं किती वाटत होतं हे आत्ताच तिच्या लक्षात आलं. पण ती लगेच चढली नाही. आधी तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा बघितली. इंजिन गार आहे हे हातानं चाचपून मगच रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी बघितलं. खाली वाकून काही गळतंय का ते पाहिलं. मग वर चढून सीटवर बसली.

"आबा, हे दोन ब्रेक वेगवेगळे का आहेत?"

"शेतात वळताना एकाच बाजूचा लागतो. रस्त्यावर जाताना मधली कडी लावून दोन्ही जोडायचे, नाहीतर वेगात एकच दाबलास तर गिरकी घेशील."

तिनं कडी लावली. ओढून बघितली. दगड काढायला धाकट्याला सांगितलं आणि तो बाजूला झाला की नाही हे वळून पाहिलं. तिची मान पूर्ण वळत होती.

"सगळे मागून बाजूला व्हा. आई, तुम्ही पण. अहो, ती बशी घेऊन तिकडं जा."

सगळे हलले. कधी नव्हे ते न बोलता हलले. फक्त आबा उलट्या दिशेनं आले. त्यांनी मागच्या चाकावरच्या मडगार्डला हात घातला आणि एका पायावर उडी मारायचा पवित्रा घेतला.

"मी इथं बसतो. शेजारी. म्हणजे सांगत जाईन."

"आबा, तिथं सीट आहे का?"

"सीट कशाला हवी? मी तुमच्या सगळ्यांना इथं बसवून..."

"आहे का?"

आबांनी मडगार्डकडे पाहिलं. पत्र्याखाली ते प्रचंड चाक होतं, खाचाखाचांचं, आणि पत्रा जेमतेम वीतभर रुंद होता. ताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. या घरात आबांना ट्रॅक्टरवर चढू नका असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, आणि आत्ताही म्हटलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं.

त्यांनी हात काढून घेतला. शेडच्या दारातून खालच्या शेताकडे बराच वेळ बघत राहिले. सगळे थांबले. चौकशीनं किल्ली अजून फिरवली नव्हती.

"बरं," आबा म्हणाले. "मग शेताच्या कडेला मला एक खुर्ची टाका. हातांची आणा. स्टूल नको."